विहिरीवरचा नाग आणि ८५ हजारांचा अहवाल

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली बारीक अक्षरांची चिठ्ठी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तीस वर्षं फार्मसी चालवते, सवय लागली. तेव्हा आमच्या जागेखाली जुनं काय असू शकेल ते सांगणारा ६४ पानांचा पुरातत्त्वीय मूल्यांकन अहवाल मी एकटीनेच पूर्ण वाचला असणार. दादाने पुण्याहून फक्त शेवटचं पान मागवलं, धाकटीने मडगांवाहून "काय निघालं?" एवढंच विचारलं आणि बिल्डरने तो उघडलासुद्धा नाही, त्याच्या इंजिनीअरने उघडला. म्हणून हे परीक्षण मीच लिहिते.

आमचं घर पणजीत, मळा नावाच्या भागात, आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी. भूखंड जेमतेम ३८० चौरस मीटर. घर पडायला आलं होतं, तिघांची वाटणी व्हायची होती, बिल्डरने तळमजला अधिक तीन असा आराखडा दिला. सगळं ठरलं आणि विहीर आडवी आली. विहिरीच्या कठड्यात एक काळा कोरीव दगड बसवलेला आहे. आजी त्याला नाग म्हणायची. खाली पूर्वी देऊळ होतं, पाखल्यांनी म्हणजे पोर्तुगिजांनी पाडलं, नागाने जागा सोडली नाही, अशी तिची कथा. श्रावणात ती तिथे दूध ठेवायची आणि वर्षातून एकदा जागेच्या राखणदार देवाला रोट, म्हणजे जाड भाकरी. बिल्डरला विहीर बुजवून तिच्यावर लिफ्टचा खड्डा घ्यायचा होता. दादा म्हणाला, देऊळबिऊळ निघालं तर काम वर्षानुवर्षं अडकेल, कोणाला सांगू नकोस. मला ते पटेना. काही निघणार असेल तर ते यंत्र लागायच्या आधीच कळलेलं बरं.

असा अहवाल आमच्यासारख्यांकडे सक्तीने कोणी मागत नाही, हे आधी सांगते. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेणं भाग, हा नियम १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने पक्का झाला. आम्ही त्या वर्तुळात येत नाही. म्हणजे हे मी स्वखुशीने, स्वतःच्या पैशांनी केलं.

चौकशी दोन ठिकाणी केली. पहिली कंपनी बाहेरची. ड्रोन, जमिनीत लहरी सोडणारं रडार, तीन दिवसांत "हेरिटेज क्लिअरन्स" आणि दर दुप्पट. नमुना म्हणून त्यांनी जो अहवाल पाठवला त्यात आठव्या पानावर "सदर किल्ल्याच्या तटबंदीत" असं वाक्य होतं, आणि भूखंड होता एका बाजारपेठेतला. नावं बदलायची राहिली असावीत. एका पेशंटचं लेबल दुसऱ्याच्या बाटलीवर लावणाऱ्याकडून मी औषध घेत नाही.

दुसरे हे दोघे: एक साठीचे सर आणि त्यांच्याबरोबर काम करणारी मुलगी. मी त्यांना सर म्हणायचे, ती मला पहिल्या दिवसापासून काकी. रडारबद्दल विचारलं तर सर म्हणाले, "घ्यायचं तर घ्या, पण पैसे पाण्यात जातील, आणि पाणीही खारट." पुढे समजावून सांगितलं. ओली चिकणमाती, त्यात खाऱ्या पाण्याचा अंश, यात रडारच्या लहरी वरच्यावर विरून जातात. चुंबकीय मोजणी करावी तर जांभ्यात लोह इतकं की उपकरण गोंधळतं. एखादी सेवा विकायची सोडून ती का घेऊ नये हे सांगणारा माणूस माझ्या दुकानाच्या काउंटरपलीकडे क्वचितच भेटतो. मी तिथेच होकार दिला.

दर ८५ हजार, कर वेगळा. मुदत सहा आठवडे सांगितली, लागले अकरा.

पहिले तीन आठवडे त्यांनी जमिनीला हातच लावला नाही, आणि माझ्या मते खरं काम तेवढ्यात झालं. आधी माझ्याकडून कागद मागितले: शहर मोजणीची पीटी शीट, चलता नंबर म्हणजे भूखंडाचा क्रमांक, पणजोबांच्या वाटणीचा पोर्तुगीज इन्व्हेंटरीचा कागद. तो माझ्या कपाटात चाळीस वर्षं पडून होता. त्यात घराबरोबर "विहीर, दगडी कठड्यासह" अशी नोंद निघाली, वर्षासकट. मग ती मुलगी पुराभिलेखागारात बसली. १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगो द कूतो ज्याचा पहिला दप्तरदार झाला ते हे दप्तर. पोर्तुगीज कागद तिथे आहेतच, मोडीही आहे. नंतर जुने नकाशे एकाच मापावर आणून आजच्या नकाशावर एकेक करून ठेवले. मला लॅपटॉपवर दाखवलं. शेवटून सुरुवातीकडे जाताना आमचं घर पुसट झालं, मग मागची वाट गेली, मग समोरचा रस्ता सरकला, आणि सगळ्यात जुन्या नकाशात आमच्या अंगणाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. "ही दलदल, काकी," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आजीचं देऊळ पाण्यात उभं होतं काय?

पणजी हा मुळात ताळगांवाचा एक वाडा. किनाऱ्याला आदिलशाही वाडा, वर टेकडीवर १५४१ चं चॅपेल, बाकी भाटं (माडांच्या बागा), खाजनं (बांध घातलेली खारी शेतं) आणि चिखल. रायबंदरचा लांबलचक बांध सतराव्या शतकात झाला. विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, १७५९ मध्ये इथे राहायला आले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मधल्या काळात, मुख्यतः दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या विजरईच्या कारकिर्दीत, म्हणजे १८२६ ते १८३५ दरम्यान, वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, दलदल भरली, रस्ते आखले. शाळेत हे वाचलं होतं. पण ती भर आपल्याच न्हाणीघराखाली आहे हे लक्षात यायला कोणीतरी नकाशा मांडीवर ठेवावा लागतो.

चौथ्या आठवड्यात सर दगड बघायला आले. जवळजवळ तासभर बघत होते. आधी पावसाची शेवाळ ब्रशने काढली, मग भिंग, मग पाण्याचा फवारा मारून तिरपा टॉर्च. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "बाई, नागाला फणा कुठे आहे?" फणा नव्हता. आजी म्हणायची तो तुटला. सरांनी दाखवलं की दगडाची दोन्ही टोकं सरळ कापलेली आहेत, तुटलेली नाहीत. अंगावरचा पीळ सारख्या अंतराने एकाच दिशेला वळतो, तीन पदर. तो दोरखंड होता. मग मोबाइलवर जुने गोवेंच्या रोझरी चर्चचा फोटो दाखवला: सोळाव्या शतकातली मानुएलीन ही पोर्तुगीज शैली, बुरुजांभोवती दगडात कोरलेले जहाजाचे दोर. आमचा दगड त्याच चर्चचा आहे असं ते म्हणाले नाहीत, मी दोनदा विचारूनही. "शैली तीच. याहून जास्त बोललो तर मी गोष्ट सांगायला लागेन."

पुढचं तर मला जास्त आवडलं. दगड काळा बेसाल्ट आहे. मळ्यात जमिनीतून निघतो तो जांभा, आणि त्यात इतकं बारीक काम टिकत नाही. म्हणजे दगड इथला नाही. कोरलेल्या पिळाच्या खाचांत चुन्याचा जुना गारा भरलेला आहे, म्हणजे विहिरीच्या आधीही तो एकदा कुठल्यातरी भिंतीत उलटा बसवलेला होता. रोगराईने जुने गोवे ही आधीची राजधानी ओस पडली, १८३५ मध्ये इथल्या धर्मसंघांचे मठ बंद झाले, आणि तिथले दगड होड्यांतून नव्या राजधानीच्या बांधकामाला आले. आमच्या कठड्यात त्यातलाच एक. अहवालातलं त्यावरचं वाक्य मी मराठीत देते: "हा दगड या जागेच्या इतिहासाचा नसून दुसऱ्या, आता नसलेल्या इमारतीचा पुरावा आहे." पणजीत कोणाच्या पायरीला, उंबऱ्याला कोरीव दगड असेल आणि कोणी खाली देऊळ-चर्च काही आहे असं सांगत असेल, तर आधी हे तपासा.

आजीची कथा त्यांनी टाकून दिली नाही, हेही लिहिते. पान ३१ वर "मौखिक परंपरा" या मथळ्याखाली ती पूर्ण आली आहे, दूध आणि रोटासकट, आणि सांगणारी म्हणून मी.

आता खड्डे. लोकांना वाटतं की पुरातत्त्ववाले कुदळ घेऊन येतात. सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं: उत्खननाला सरकारी परवाना लागतो, ते आम्ही करत नाही. पण तुमचा इंजिनीअर पायाची माती तपासायला खड्डे खणणारच आहे आणि बोअर मारणारच आहे. आम्ही काठावर बसू. बस इतकंच. तीन खड्डे आणि दोन बोअर. मजूर बिल्डरचे, खर्च बिल्डरचा, डोळे यांचे.

मागचा खड्डा वीस सेंटिमीटरवर थांबला. खाली नुसता जांभा, तोही सपाट तासलेला. टेकडी कापून मागचं अंगण काढलं होतं, म्हणजे तिथे पूर्वी काही असलंच तर तेव्हाच गेलं. मधल्यात चुन्याच्या फरशीचा तुकडा. पुढचा मात्र खोल गेला, आणि तो बघायला मी चक्क दुकान बंद ठेवलं.

वरचा थर आमच्याच घराच्या दुरुस्त्यांचा: सिमेंट, बाटल्यांची काच. त्याखाली मंगळुरी कौलांचे तुकडे. मुलगी काठावरून म्हणाली, "काकी, इथपर्यंतचं सगळं १८६५ नंतरचं." मंगळूरला बाझेल मिशनने कौलांचा पहिला कारखाना काढला ते साल, त्याआधीच्या थरात असलं कौल येणारच कुठून? त्याच्याही खाली मंगळुरी संपलं आणि हाताने वळलेली अर्धगोल नळीची कौलं सुरू झाली. कालवांच्या आणि खुब्यांच्या शिंपल्या खंडीभर. निळ्या नक्षीचे बशांचे तुकडे निघाले तेव्हा मी मनात चीनच्या मिंग राजघराण्यापर्यंत पोचले होते. तिने धुऊन बघितलं आणि सांगितलं की ही छापील नक्षी आहे, विलायती, एकोणिसाव्या शतकातली. दोन तुकडे मात्र खरे चिनी. ते तिने वेगळ्या पिशवीत घातले, तोंडावर काही दिसू दिलं नाही.

कौलांच्या थराच्या तळाशी तांब्याचं नाणं मिळालं, पाव तांगा, १८८१, राजा लुईश याचा चेहरा. सोनं नाही म्हणून मजुरांनी पाठ फिरवली. सर मात्र खूश. नाणं १८८१ चं म्हणजे त्याच्यावर पडलेली सगळी भर १८८१ नंतरची, पन्नास वर्षं वापरून कोणी टाकलं असेल तर त्याहूनही नंतरची. आधीची मात्र नक्की नाही. एका पैशाने मीटरभर मातीचं वय बांधून दिलं.

सव्वा मीटरवर त्यांनी खड्डा थांबवायला लावला. बाजूंना फळ्यांचा टेकू दिल्याशिवाय माणूस आत उतरवायचा नाही, यावर सर हटून बसले आणि बिल्डरच्या मुकादमाशी वाजलं. टेकू आला, खड्डा पावणेदोन मीटरपर्यंत गेला, आणि मग पाणी. सकाळी घोट्यापर्यंत, दुपारी गुडघ्यापर्यंत. रुआ द ओरें या रस्त्यालगतच्या खाडीला भरती होती. तळाशी काळा, वास मारणारा चिखल लागला. तीच नकाशातली आडव्या रेघांची दलदल. बोअरमध्ये तो चिखल जवळजवळ चार मीटरपर्यंत गेला आणि मग जांभा लागला.

दादाचा फोन रोज. सोनं निघालं तर कोणाचं? १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये ऐकून दादा हसला. अहवालात ते सगळं एका परिच्छेदात आहे, आणि राज्य पुरातत्त्व खात्याला पाठवायच्या पत्राचा मसुदाही. आम्ही वस्तूंची यादी जोडून पत्र पाठवलं.

अहवालाचा गाभा एका तक्त्यात आहे. काळानुसार काय सापडण्याची शक्यता किती: कदंबकाळ कमी, आदिलशाही कमी, सोळावं ते अठरावं शतक कमी ते मध्यम, एकोणिसावं जास्त. शेजारच्या स्तंभात त्याचं महत्त्व. मला हे चटकन कळलं, कारण औषधाच्या चिठ्ठीतही असंच असतं: दुष्परिणाम कितीदा होतो ही एक गोष्ट आणि झाला तर किती गंभीर ही दुसरी. एकोणिसाव्या शतकातलं काहीतरी आमच्याकडे नक्की सापडणार, पण ते पणजीत घरोघर आहे. जुनं सापडण्याची शक्यता कमी, पण सापडलं तर दलदलीत सापडेल, आणि हवा न लागलेल्या चिखलात लाकूड, दोर, चामडं शतकानुशतकं टिकतं. बिल्डरला "कमी" हा शब्द दिसला आणि तो उठला. त्याला परत बसवून दुसरा स्तंभ वाचून दाखवावा लागला.

सगळ्यात वरचा क्रमांक विहिरीला दिला आहे. शंभर-दीडशे वर्षं जे हातातून निसटलं ते तिच्या तळाशी, गाळात, पाण्याखाली. सल्ला असा: बुजवू नका. बुजवावीच लागली तर आधी मोजमाप आणि फोटो, मग कापड अंथरून वर धुतलेली वाळू, म्हणजे उद्या कोणाला उघडता येईल. आणि लिफ्टचा खड्डा, पाण्याची टाकी मागच्या बाजूला घ्या, जिथे तासलेला जांभाच आहे आणि बिघडायला काही उरलेलं नाही.

बिल्डर कुरकुरला. तेव्हा सरांनी त्याला लंडनच्या रोझ नाट्यगृहाची हकीकत सांगितली. १५८७ चं नाट्यगृह, त्याचा पाया १९८९ मध्ये कचेऱ्यांची इमारत उठवताना अचानक निघाला. नट-नट्या रस्त्यावर उतरल्या, काम थांबलं, शेवटी इमारतीचे खांब बदलून अवशेष खाली राखावे लागले. दुसऱ्याच वर्षी तिथल्या सरकारने धोरण काढलं, की आधी तपासा, मग परवानगी मागा. बिल्डरने विचारलं, "खांब बदलायचा खर्च कोणी दिला?" सर नुसते हसले. लिफ्ट मागे गेली. जांभ्यावर असल्यामुळे तिथे पायाचा खर्चही कमी आला, हे इंजिनीअरने नंतर हळूच सांगितलं.

आता तक्रारी. अकरा आठवडे लागले ते लागलेच, पण उशीर होतोय हे मला मी फोन केल्यावर कळायचं. मार्चात सुरू केलेलं काम जूनच्या तोंडावर आलं आणि पुढचा खड्डा नीट न चोपता बुजवल्यामुळे पहिल्या पावसात खचला; शेजाऱ्यांची स्कूटर त्यात गेली. खड्डा बिल्डरच्या माणसांनी बुजवला हे खरं, पण काठावर बसणाऱ्यांनी तेवढंही बघायला हवं होतं. अहवाल इंग्रजीत, आणि मराठी सारांश दीड पानाचा, कोणीतरी यंत्रातून काढल्यासारखा. त्यात "ट्रायल पिट" चं "चाचणी खड्डा" झालं ते ठीक, पण विहिरीच्या "कर्ब" चं, म्हणजे कठड्याचं, "अंकुश" झालं होतं. मी लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवला, त्यांनी मुकाट्याने घेतला.

मोठी चूक एकच. इमारतीचा पाया, लिफ्ट, टाकी, सगळ्यांचा विचार अहवालात आहे. सांडपाण्याच्या नळाची चरी नाही. ती घरापासून रस्त्यापर्यंत १४ मीटर जाते, पुढच्या भरावातून, आणि रस्त्याच्या बाजूला दीड मीटरहून खोल. म्हणजे ज्या थरांसाठी एवढा खटाटोप केला त्यांनाच सरळ कापत. इमारतीच्या खांबांनी जेवढी जागा फोडली नसती तेवढी या एका चरीने फोडली असती. ही मी पकडली, प्लंबिंगचा आराखडा शेजारी ठेवून. फोन केला. सर दहा सेकंद गप्प. मग म्हणाले, "बाई, तुम्ही बरोबर आहात." आठवड्यात दोन पानांची पुरवणी आली, जादा पैसे न घेता, आणि चरी खणली त्या दिवशी मुलगी सकाळी सातला छत्री घेऊन हजर. जुन्या जांभ्याच्या गटाराचा एक तुकडा मिळाला, मोजला, काढला.

पाचपैकी चार देते. एक चरीचा कापला, खचलेला खड्डा आणि अंकुश त्यातच धरले.

दगडाचं अजून ठरलेलं नाही. दादाला तो पुण्याच्या फ्लॅटच्या दारात हवा आहे. अहवाल म्हणतो, आहे तिथेच ठेवा. धाकटी म्हणते, दोरखंड असो की नाग, श्रावणात दूध कोण ठेवणार तेवढं सांगा. तूर्त मी ठेवते.

कोणाला यांना बोलवायचं असेल तर नोव्हेंबरात बोलवा, मार्चात नको. वाटणीचे जुने कागद आधी शोधून ठेवा, त्यात दोन आठवडे वाचतात. प्लंबरचा आराखडा पहिल्याच दिवशी हातात द्या. आणि खड्डा तुमच्या देखत बुजवून घ्या.